परवडणाऱ्या इलेक्ट्रिक कारचा बॅटरी पॅक: उघडता येईल, दुरुस्त होईल आणि शेवटी सुटा करता येईल असा कसा आखायचा

स्वस्त इलेक्ट्रिक कारमध्ये सगळ्यांत महाग भाग बॅटरी पॅकच असतो. तो उघडण्यासारखा नसेल, तर एखादा सेन्सर गेला किंवा एका सेलने दगा दिला तरी अख्खा पॅक बदलावा लागतो. वॉरंटी संपलेल्या गाडीच्या मालकाला हा खर्च झेपत नाही आणि बाकी सगळी धडधाकट असलेली गाडी भंगारात जाते. गॅरेजमधला मेकॅनिक कितीही हुशार असला तरी इथे त्याचे हात बांधलेले असतात, कारण निर्णय आधीच ड्रॉइंगवर झालेला असतो.

भंगाराचं गणितही तिथेच ठरतं. टाटा टियागो ईव्ही, एमजी कॉमेट अशा छोट्या गाड्यांत एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल असतात. ते टिकाऊ आणि स्वस्त आहेत, पण त्यांत निकेल नाही, कोबाल्ट नाही. साधारण २४ किलोवॉट-तासांच्या (वीजबिलाच्या भाषेत २४ युनिटच्या) पॅकमध्ये एलएफपी पावडर सुमारे ४८ किलो असते. त्यात लिथियम जेमतेम २ किलो, म्हणजे सगळं हाती लागलं तरी सुमारे ११ किलो लिथियम कार्बोनेट. एनएमसी (निकेल-मँगेनीज-कोबाल्ट) सेलमध्ये रिसायकलरला निकेल-कोबाल्ट तारून नेतात. इथे कमाई तांबं, ॲल्युमिनियम आणि या थोड्या लिथियमवरच. पॅक फोडण्यात दोन माणसांचा दिवस गेला तर ती कमाई मजुरीत संपते. म्हणून स्वस्त गाडीत ‘पॅक सुटा करायला किती मिनिटं लागतात’ हा आकडा वजन आणि रेंजइतकाच महत्त्वाचा धरायला हवा.

ऑगस्ट २०२२मध्ये लागू झालेल्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ही जबाबदारी उत्पादकावरच टाकली आहे. इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीतून कोरड्या वजनाच्या किती टक्के पदार्थ परत मिळवायचे, हे त्यात ठरवून दिलं आहे: २०२४-२५मध्ये ७०, २०२५-२६मध्ये ८० आणि २०२६-२७पासून ९० टक्के. नव्या बॅटरीत पुनर्प्रक्रिया केलेला माल वापरण्याची सक्तीही आहे. २०२७-२८मध्ये ५ टक्क्यांपासून सुरू होऊन २०३०-३१मध्ये ती २० टक्क्यांवर जाते. गोंदाने लडबडलेल्या पॅकमधून ९० टक्के गाठणं फार अवघड आहे.

पुढे एक ठरावीक पॅक डोळ्यांसमोर ठेवून पायऱ्या दिल्या आहेत: चार दारांची छोटी हॅचबॅक, ४५ किलोवॉटची मोटर, ८० अँपिअर-तासांचे प्रिझमॅटिक (चपट्या चौकोनी डब्यासारखे) एलएफपी सेल, एकूण ९६ सेल एका ओळीत (सिरीजमध्ये), मॉड्यूल म्हणजे सुट्या गठ्ठ्यांत बांधलेले. नाममात्र व्होल्टेज ३०७, पूर्ण चार्जला ३५० आणि क्षमता २४.६ युनिट. आकडे तुमच्या सेलप्रमाणे बदलतील, विचारांचा क्रम तोच राहील.

पहिली पायरी: मॉड्यूल ६० व्होल्टच्या आत ठेवा

डीसी ६० व्होल्टच्या वर गेला की तो धोकादायक समजला जातो; खास हातमोजे, इन्सुलेटेड पाने आणि प्रशिक्षित माणूस लागतो. मॉड्यूल या मर्यादेखाली ठेवलं तर पॅकबाहेर काढल्यानंतरचं जवळपास सगळं काम साध्या बेंचवर होऊ शकतं. शॉर्ट झाल्यास हजारो अँपिअर वाहतात आणि पाना वितळतो, त्यामुळे अंगठी-घड्याळ काढणं आणि टर्मिनलवर टोप्या लावणं तरीही चुकत नाही. पण विजेचा झटका बसून जीव जाण्याची भीती उरत नाही.

एलएफपी सेलचं कमाल व्होल्टेज ३.६५. ओळीत १६ सेल घेतले तर ५८.४ व्होल्ट, म्हणजे मर्यादेच्या आत. ९६ सेलची अशी ६ मॉड्यूल होतात. १२ सेलची ८ मॉड्यूल केली तर एकेक मॉड्यूल २२ किलोंचं होऊन एका माणसाला उचलता येतं. १६ सेलचं २९ किलोंच्या आसपास जातं आणि दोघे लागतात. तरीही आमचा कौल १६ला आहे. १६ सेल म्हणजे नाममात्र ५१.२ व्होल्ट, आणि घरगुती सोलर इन्व्हर्टर आणि टेलिकॉम टॉवरवरच्या ४८ व्होल्टच्या यंत्रणांना हेच व्होल्टेज चालतं. गाडीतून निवृत्त झालेलं मॉड्यूल सेल न फोडता तिथे वापरता येतं. १२ सेलचं ३८.४ व्होल्टचं मॉड्यूल अशा कुठल्याच इन्व्हर्टरला धड बसत नाही. शिवाय ६ मॉड्यूलमध्ये सांधे कमी होतात.

मॉड्यूलवर दोन पक्की हँडल द्या. पट्ट्या घालून उचलायची वेळ आली की पट्टी हमखास सेन्सिंगच्या (सेलचं व्होल्टेज मोजणाऱ्या) वायरवर येते.

मॉड्यूलची बांधणी: दाबून धरा, चिकटवू नका

प्रिझमॅटिक सेल चार्ज होताना किंचित फुगतात आणि वयाबरोबर कायमचे थोडे जाड होतात. त्यांना दोन्ही टोकांनी दाब हवा. किती, ते सेलच्या डेटाशीटमध्ये दिलेलं असतं. हा दाब देण्यासाठी बाजूच्या पट्ट्या टोकाच्या प्लेटला वेल्ड करण्याची पद्धत रूढ आहे, कारण ती स्वस्त आणि वेगवान आहे. पण असं मॉड्यूल उघडायला ग्राइंडर लागतो, आणि भरलेल्या सेलशेजारी ठिणग्या उडवणं हा जिवाशी खेळ आहे. त्याऐवजी टोकाला ॲल्युमिनियमच्या प्लेटा आणि चार लांब टाय-बोल्ट वापरा. खर्च थोडा वाढतो, पण सोडवताना दाब हळूहळू आणि चारही बोल्टांवर सारखा उतरवता येतो. एक बोल्ट पूर्ण सोडून मग दुसऱ्याला हात घातला तर प्लेट तिरकी होते आणि बसबारच्या (सेल जोडणाऱ्या धातूच्या पट्टीच्या) वेल्डवर ताण येतो; म्हणून प्रत्येक बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा सोडायचा.

दोन सेलमध्ये फोमचा पॅड आणि आग पसरू नये म्हणून अभ्रक किंवा एरोजेलचा पत्रा लागतो. एआयएस-०३८ या इलेक्ट्रिक वाहनांच्या भारतीय सुरक्षा मानकाच्या दुसऱ्या सुधारित आवृत्तीत एका सेलची आग पुढे पसरण्याची चाचणी आहे, त्यामुळे हा पत्रा गाळता येणार नाही. मात्र तो दोन्ही बाजूंना चिकट टेपचा घेऊ नका. एका बाजूला चिकट, दुसऱ्या बाजूला मोकळा असा घ्या. जोडणीच्या वेळी तो जागेवर राहतो आणि नंतर सेल सरळ वर निघतो.

सेल एकमेकांना जोडणारे बसबार लेझर वेल्डचेच ठेवावेत. प्रत्येक सेलवर बोल्ट लावणं दुरुस्तीला सोयीचं वाटतं, पण ९६ सेलचे १९२ सांधे होतात आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर त्यांतला एखादा ढिला होणारच. तोडगा असा: बसबारवर वेल्डसाठी दुप्पट रुंद जागा सोडा. कारखान्यात अर्ध्या जागेवर वेल्ड करायचं. सेल बदलायची वेळ आली की प्रादेशिक केंद्रात जुनं वेल्ड मिलिंगने खरवडून काढायचं आणि उरलेल्या अर्ध्या जागेवर नवं करायचं. हे काम गल्लीतल्या गॅरेजचं नाही. गॅरेजने मॉड्यूल बदलावं आणि केंद्राने सेल बदलावा, अशी वाटणी आखणीतच धरून चाला.

मॉड्यूल-मॉड्यूलमधले जोड मात्र बोल्टचेच हवेत, आणि तिथे काटेकोरपणा पाळायला हवा. ४५ किलोवॉट घेताना पॅकमधून सुमारे १५० अँपिअर जातात. सांध्याचा रोध ०.१ मिलीओहम असेल तर तिथे सव्वादोन वॉट उष्णता होते, काळजीचं कारण नाही. तोच १ मिलीओहम झाला तर साडेबावीस वॉट, एवढ्याशा जागेत. आधी प्लास्टिकचं आवरण पिवळं पडतं, मग वितळतं. असं होण्याची तीन कारणं नेहमीची: ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर, गरम-थंड होऊन सैल झालेला बोल्ट आणि टॉर्क रेंच न वापरता अंदाजाने आवळलेला नट. उपायही तीनच: सांध्याच्या पृष्ठभागावर निकेल किंवा कथलाचा मुलामा, बोल्टखाली बशीसारखा स्प्रिंग वॉशर आणि एम६ बोल्टला ८ ते ९ न्यूटन-मीटर टॉर्क (टर्मिनलच्या डेटाशीटशी ताडून). आवळल्यावर रंगाची रेघ मारा. पुढच्या वेळी उघडणाऱ्याला बोल्ट फिरला आहे की नाही, हे बघताक्षणी कळतं.

तळाला गोंद का नको

मॉड्यूल कूलिंग प्लेटला चिकटवलं की उष्णता नीट जाते, असा समज आहे. आपल्या पॅकचं गणित करून बघू. ताशी पूर्ण चार्जच्या वेगाने, म्हणजे ८० अँपिअरने, चार्ज करताना ०.८ मिलीओहम रोधाच्या प्रत्येक सेलमध्ये सुमारे ५ वॉट उष्णता होते. १६ सेलच्या मॉड्यूलमध्ये ८२ वॉट. मॉड्यूलचा तळ साधारण ०.०७२ चौरस मीटर. दीड मिलीमीटर जाडीचा, दीड वॉट प्रति मीटर-केल्विन वाहकतेचा साधा थर्मल पॅड ठेवला तर त्याच्या दोन बाजूंतला फरक जेमतेम सव्वा अंश येतो. पृष्ठभागाच्या संपर्काचे धरून दोन अंश म्हणा. एवढ्यासाठी पॉलीयुरेथेनचा स्ट्रक्चरल गोंद कशाला हवा?

गोंदाची ताकद कळायला दुसरं गणित पुरेसं आहे. दोन घटकांच्या ‘हलक्या’ गॅप फिलरची (फट भरून उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाची) पकड ०.१ मेगापास्कल एवढीच धरली तरी या तळावर ती ७२०० न्यूटन भरते, म्हणजे मॉड्यूल सरळ वर ओढायला सातशे किलोंहून जास्त जोर. स्ट्रक्चरल गोंदाची पकड याच्या कित्येक पट असते. तिथे पहार घालावी लागते, प्लेट वाकते आणि सेलचा तळ फाटतो. म्हणून पॅड वापरा. गॅप फिलरच वापरायचा असेल तर मॉड्यूलच्या एका टोकाला एम८चे दोन आटेदार भोकं ठेवा. त्यांत बोल्ट फिरवला की तो प्लेटला रेटतो आणि मॉड्यूल त्या टोकाकडून सोलल्यासारखं सुटतं. एकदम उचलण्यापेक्षा टोकाकडून सोलायला जोर कितीतरी कमी लागतो.

मॉड्यूलच नको, सेल थेट पॅकमध्ये बसवा, हा पर्याय २०२०मधल्या बीवायडीच्या ब्लेड बॅटरीपासून लोकप्रिय आहे. त्यात वजन आणि पैसा दोन्ही वाचतात, हे मान्य करायला हवं. पण टेस्लाच्या ४६८० सेलच्या स्ट्रक्चरल पॅकसारखा, सेलभोवती पॉलीयुरेथेन फोम ओतलेला पॅक उघडायचा म्हणजे फोडायचाच. दुसऱ्या टोकाला निसानच्या पहिल्या लीफचं उदाहरण आहे. २४ युनिटच्या पॅकमध्ये ४८ मॉड्यूल, प्रत्येकात ४ सेल, सगळी बोल्टवर. त्या गाडीत इतर उणिवा होत्या, कूलिंग तर नव्हतंच, पण जगभरच्या छोट्या गॅरेजांनी तिची कमजोर मॉड्यूल बदलून गाड्या चालत्या ठेवल्या. परवडणाऱ्या गाडीसाठी हा धडा जास्त मोलाचा आहे, कारण तिचा दुसरा आणि तिसरा मालकही तिच्या भरवशावर असतो.

पेटी आणि झाकण

झाकण सीलंटच्या सलग रेघेने चिकटवलं की पाणी जात नाही, पण उघडताना पत्रा वाकतो आणि जुनं सीलंट खरवडायला तास जातो. सिलिकॉन फोम किंवा ईपीडीएम रबराचं गॅस्केट वापरा. ते ३० ते ५० टक्के दाबलं गेलं पाहिजे. कमी दाबलं तर गळतं, जास्त दाबलं तर कायमचं बसतं. हा दाब मेकॅनिकच्या हातावर सोडायचा नाही: प्रत्येक बोल्टभोवती ठरावीक उंचीची स्टीलची बाही घाला, बोल्ट तिच्यावर टेकला की गॅस्केट बरोबर तेवढंच दाबलं जातं. दर १०० मिलीमीटरला एक एम६ बोल्ट, म्हणजे १.४ बाय १ मीटरच्या पेटीला ४८ बोल्ट. गॅस्केट दर वेळी नवं घालायचं, म्हणून ते सुट्या भागांच्या यादीत स्वतंत्र क्रमांकाने, स्वस्तात मिळायला हवं. ते फक्त ‘पॅक असेंब्ली’सोबतच मिळत असेल, तर मेकॅनिक हार्डवेअरच्या दुकानातलं सीलंट आणून फासणारच.

आयपी६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. मुंबई-पुण्याच्या पावसाळ्यात गाडी चाकभर पाण्यातून जाते, त्यामुळे ही पातळी सोडता येत नाही. झाकण एकदा उघडलं की गळती चाचणी पुन्हा करावीच लागते. त्यासाठी पेटीवर एक छोटं चाचणीचं तोंड ठेवा: हवेचा हलका दाब भरायचा, मिनिटभरात किती उतरतो ते बघायचं. हे तोंड नसेल तर चाचणी होत नाही आणि गळती पुढच्या पावसातच कळते. हवा खेळण्यासाठीचा पडदा आणि आपत्कालीन दाब सोडणारी झडप चाचणीपुरती बंद करण्याची टोपीही द्या.

बोल्टबद्दल दोन गोष्टी. ॲल्युमिनियमच्या पेटीत रिव्हेट नट टाळा. कोकणच्या खाऱ्या हवेत दोन-तीन वर्षांत बोल्ट गंजाने धरतो, पाना फिरवला की बोल्टाबरोबर नटही गरगरा फिरतो आणि शेवटी ड्रिल मारावं लागतं. कैद केलेले नट किंवा स्टीलचे आटे बसवलेली भोकं वापरा. आणि स्टेनलेसचे बोल्ट ॲल्युमिनियममध्ये थेट बसवू नका, मिठाच्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजतं. झिंक-फ्लेक मुलाम्याचे बोल्ट बरे. सगळ्या पॅकमध्ये डोक्यांची मापं तीनच ठेवा: १०, १३ आणि गाडीला पॅक धरणाऱ्या बोल्टांचं एक मोठं माप. १०चा पाना भारतातल्या कुठल्याही गॅरेजात असतो, खास आकाराचा बिट नसतो.

बिघडणारे भाग एका कप्प्यात आणा

सेल सहसा शेवटी जातात. आधी त्रास देतात ते कॉन्टॅक्टर (पॅकची वीज जोडणारा-तोडणारा मोठा स्विच), प्रीचार्जचा (सुरुवातीचा विजेचा झोत आवरणारा) रेझिस्टर, मुख्य फ्यूज, करंट सेन्सर, बीएमएसचा (सेलवर लक्ष ठेवणाऱ्या बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिमचा) मुख्य बोर्ड आणि कनेक्टरमधला गंज. हे सगळं सेलच्या कप्प्यात कोंबलेलं असेल, तर एका रेझिस्टरसाठी गाडी लिफ्टवर घ्या, सव्वादोनशे किलोंचा पॅक खाली उतरवा, ४८ बोल्ट सोडा, नवं गॅस्केट, पुन्हा गळती चाचणी. त्यासाठी पेटीच्या मागच्या टोकाला भिंतीने वेगळा केलेला, स्वतःचं छोटं झाकण असलेला कप्पा करा आणि त्याचं तोंड मागच्या सीटखाली येऊ द्या. सीट उचलली, सर्व्हिस डिस्कनेक्ट (पॅकमधली वीज तोडण्यासाठी हाताने काढायचा प्लग) काढला, आठ बोल्ट सोडले की हात आत जातो. या एका बदलाने जितक्या दुरुस्त्या सोप्या होतात, तितक्या दुसऱ्या कशानेच होत नाहीत.

सर्व्हिस डिस्कनेक्ट तिसऱ्या आणि चौथ्या मॉड्यूलच्या मध्ये ठेवा. तो काढला की पॅकचे दोन अर्धे वेगळे होतात. पण इथेच गैरसमज होतो: प्रत्येक अर्ध्यात अजूनही १७५ व्होल्ट असतात. झाकणाच्या आतल्या बाजूला हे मोठ्या अक्षरांत मराठी, हिंदी आणि इंग्रजीत लिहा.

कूलिंग प्लेट पेटीच्या तळाला बाहेरून किंवा तळातच घडवलेली असावी, आणि कूलंटचा एकही सांधा सेलच्या कप्प्यात नसावा. पाइपची क्लिप ढिली झाली तर पाणी रस्त्यावर पडलेलं चालेल, बसबारवर नको. स्वस्त गाडीत फक्त ३.३ किलोवॉटचं घरगुती चार्जिंग असेल तर कूलंटशिवायही भागतं, कारण त्यात सेल फारसे तापत नाहीत. पण डीसी फास्ट चार्जिंग द्यायचं आणि गाडी चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यातही चालवायची, तर द्रव कूलिंग हवंच.

बीएमएस: कुलूप नको, नोंदवही हवी

प्रत्येक मॉड्यूलचा सेन्सिंग बोर्ड मॉड्यूलच्या वर, चार स्क्रूंवर आणि कनेक्टरवर बसवा. सोल्डर केलेल्या वायरी नकोत. प्रत्येक सेन्सिंग वायरला सेलजवळच फ्यूज द्या; वायर चिमटली तर फ्यूज जातो, आग लागत नाही.

काही यंत्रणांत मॉड्यूलचा क्रमांक बीएमएसला सॉफ्टवेअरने जखडलेला असतो. बाहेरचं मॉड्यूल लावलं की गाडी सुरूच होत नाही. सुरक्षिततेची तपासणी जरूर हवी: नवं मॉड्यूल त्याच रसायनाचं आहे का, क्षमता जुळते का, इन्सुलेशन ठीक आहे का. ती तपासणी यूडीएसच्या (गाड्यांच्या तपासणीच्या खुल्या प्रमाण भाषेच्या) सर्व्हिस रूटीनने, साध्या डायग्नॉस्टिक टूलवर व्हावी. उत्पादकाचा सर्व्हर बंद पडला म्हणून गाडी मरू नये.

मॉड्यूलच्या बोर्डवरच छोटी मेमरी ठेवा आणि तिच्यात त्या मॉड्यूलचा इतिहास लिहा: आतापर्यंत वाहिलेले एकूण अँपिअर-तास, कोणत्या तापमानात किती तास गेले, फास्ट चार्जची संख्या, सेलची टोकाची व्होल्टेज, शेवटची मोजलेली क्षमता. मॉड्यूल पॅकमधून निघालं तरी हा इतिहास त्याच्यासोबत जातो, आणि दुसऱ्या वापरासाठी घेणाऱ्याला आंधळा सौदा करावा लागत नाही. युरोपीय संघात १८ फेब्रुवारी २०२७पासून इलेक्ट्रिक वाहनांच्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट बंधनकारक होतो आहे. गाडी किंवा सेल निर्यात करण्याचा विचार असेल तर हीच माहिती तिथेही लागणार.

लेबलवर एवढं हवंच: कॅथोडचं रसायन, बाइंडर आणि इलेक्ट्रोलाइटचा प्रकार, मॉड्यूलचं वजन, उघडण्याचा क्रम दाखवणारं चित्र. कागदी स्टिकर उष्णतेने गळून पडतो. लेझरने कोरलेली पाटी वापरा. प्लास्टिकच्या भागांवर आयएसओ ११४६९प्रमाणे प्लास्टिकचा प्रकार सांगणारी खूण उमटवा. बसबारचं तांबं आणि पेटीचं ॲल्युमिनियम हाताने वेगळं करता आलं पाहिजे. ॲल्युमिनियमच्या भट्टीत तांबं गेलं की मालाचा दर्जा घसरतो.

कागदावर नव्हे, हातांनी तपासा

पहिला नमुना तयार झाला की त्यात भरलेले सेल घालण्याआधी त्याच वजनाचे नकली ठोकळे घाला आणि असा पॅक कधीही न पाहिलेल्या दोन माणसांकडून उघडवून घ्या. शेजारी घड्याळ आणि वही. आमच्या मते लक्ष्य असं असावं: गाडीतून पॅक उतरवून सहाही मॉड्यूल टेबलावर यायला दीड तास, आणि एका मॉड्यूलचा दाब उतरवून १६ सेलचा गठ्ठा मोकळा व्हायला पंधरा मिनिटं. कुठे दोन्ही हात अडकतात, कुठे पाना फिरायला जागा नाही, कुठला कनेक्टर दिसत नाही, हे अर्ध्या दिवसात कळतं. एआरएआयसारख्या (पुण्यातल्या वाहन-चाचणी संस्थेसारख्या) संस्थेकडे प्रमाणनाला पॅक जाण्याआधीच हे करा. प्रमाणनानंतर साधं ब्रॅकेट हलवायचं म्हटलं तरी पुन्हा चाचण्यांचा खर्च उभा राहतो.

गॅरेजमध्ये मॉड्यूल बदलताना

हाय-व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेल्या माणसानेच हे करायचं, आणि कधीही एकट्याने नाही.

१. गाडी २० ते ३० टक्के चार्जवर आणा. १२ व्होल्टची बॅटरी सोडा, सर्व्हिस डिस्कनेक्ट काढून खिशात ठेवा. १० मिनिटं थांबा. इन्व्हर्टरमधल्या कपॅसिटरला उतरायला वेळ द्या.

२. १००० व्होल्टला मान्य असलेले रबरी हातमोजे, त्यावर चामड्याचे, आणि कॅट-थ्री (सुरक्षा श्रेणी) १००० व्होल्टचा मीटर. मीटर आधी ओळखीच्या बॅटरीवर तपासा, मग पॅकच्या बाहेरच्या टोकांवर मोजा, मग पुन्हा ओळखीच्या बॅटरीवर. बंद पडलेला मीटरही शून्यच दाखवतो.

३. पॅक उतरवून झाकण काढा. मॉड्यूलमधले जोड एकेक करून काढा, आणि काढल्याबरोबर दोन्ही टर्मिनलवर टोपी घाला. पाचही जोड निघाले की कुठेही ६० व्होल्टच्या वर काही उरत नाही. तोवर हातमोजे उतरवायचे नाहीत.

४. मॉड्यूल बदला, पॅड नवा घाला.

५. आता सगळ्यांत जास्त चुका होतात ती जागा. नवं मॉड्यूल आणि जुनी पाच, सगळ्यांवर सेलमागे ३.३० व्होल्ट दिसले की काम जमलं असं वाटतं. एलएफपीचा व्होल्टेज आलेख मध्ये जवळपास सपाट असतो. साधारण ३० टक्के आणि ८०-९० टक्के चार्ज यांत फरक काही दशांश नाही, काही शतांश व्होल्टचा असतो. म्हणजे सारखं व्होल्टेज असूनही चार्ज पंचवीस-तीस टक्क्यांनी वेगळा असू शकतो. गाडी जोडली, चार्जला लावली, एक मॉड्यूल आधीच भरलं आणि बीएमएसने चार्जिंग तोडलं. रेंज तिसऱ्या हिश्शाने कमी. मेकॅनिकला वाटतं, नवं मॉड्यूलच खराब.

म्हणून जुळवणी मध्यावर नाही, वरच्या टोकाला करायची. सहाही मॉड्यूल बेंचवर, त्यांच्या सेन्सिंग बोर्डाच्या देखरेखीखाली, ५७.६ व्होल्टवर धरून ठेवा आणि करंट ४ अँपिअरपर्यंत उतरला की थांबवा. एकही सेल ३.६५च्या वर जाऊ देऊ नका. बीएमएस नंतर आपोआप समतोल करेल, या भरवशावर राहू नका. साध्या बीएमएसचा बॅलन्सिंग करंट १०० मिलीअँपिअरच्या आसपास असतो. ८० अँपिअर-तासांत ५ टक्के फरक म्हणजे ४ अँपिअर-तास, म्हणजे ४० तास. आणि बॅलन्सिंग बहुतेक वेळा चार्जच्या वरच्या टोकालाच चालतं, त्यामुळे प्रत्यक्षात आठवडे जातात.

६. क्षमताही जुळवा. ओळीत जोडलेल्या पॅकची क्षमता सगळ्यांत कमजोर सेलएवढीच असते. जुनी मॉड्यूल ८५ टक्क्यांवर असतील तर कोरं करकरीत मॉड्यूल घालून फायदा नाही. ८५-८८ टक्क्यांचं वापरलेलं मॉड्यूल घ्या, ते स्वस्तही पडतं. मॉड्यूलवरची नोंदवही इथे कामी येते.

७. सगळे जोड टॉर्क रेंचने आवळा, मायक्रो-ओहम मीटरने प्रत्येक सांधा मोजून लिहून ठेवा. शेजारच्या सांध्यांच्या दुप्पट रोध दिसला तर उघडून साफ करा.

८. इन्सुलेशन मेगरने (जास्त व्होल्टेज लावून रोध मोजणाऱ्या मीटरने) तपासा, पण त्याआधी सेन्सिंगचे कनेक्टर काढा, नाहीतर बोर्ड जळतात. डीसीसाठी किमान मर्यादा व्होल्टमागे १०० ओहम, म्हणजे आपल्या पॅकला ३५ किलोओहम. चांगला कोरडा पॅक मेगओहममध्ये दाखवतो. आकडा काही शे किलोओहमवर आला असेल तर कुठेतरी ओल आहे असं समजा आणि झाकण लावू नका.

९. नवं गॅस्केट, झाकण, गळती चाचणी, मग गाडीला.

शेवटचा प्रवास

क्षमता ७०-८० टक्क्यांवर आलेलं मॉड्यूल गाडीला अपुरं असलं तरी घरच्या सोलरला किंवा दुकानाच्या इन्व्हर्टरला चालतं, कारण तिथे करंट कमी आणि वजनाचा प्रश्न नसतो. एकाच वेळी जन्मलेली, सारख्या इतिहासाची मॉड्यूल एकत्र ठेवा. फुगलेलं, पाण्यात बुडालेलं किंवा ठोकर बसलेलं मॉड्यूल दुसऱ्या वापराला कधीही देऊ नका.

रिसायकलरकडे जाणारं मॉड्यूल आधी रिकामं करायचं. ५ ओहमचा, ६०० वॉट सहज झेलणारा आणि पंखा लावलेला रेझिस्टर जोडला तर सुमारे १० अँपिअर जातात आणि भरलेलं मॉड्यूल ८ तासांत उतरतं. रेझिस्टर काढला की व्होल्टेज पुन्हा थोडं वर येतं, म्हणून तो जोडलेलाच ठेवा. इतकं खोल उतरवलं की सेलमधलं तांबं विरघळू लागतं आणि असा सेल पुन्हा चार्ज करणं धोक्याचं असतं. त्यामुळे रिकाम्या केलेल्या मॉड्यूलवर ‘फक्त रिसायकलिंग’ असं ठळक लिहा.

मिठाच्या पाण्यात बुडवून सेल उतरवण्याची पद्धत अजून बऱ्याच ठिकाणी दिसते. ती सोडून द्यायला हवी. टर्मिनल गंजून पडतात, सेल अर्धवट भरलेलाच राहतो, हायड्रोजन आणि क्लोरीन सुटतात, आणि आवरण फाटलं तर इलेक्ट्रोलाइटमधलं लिथियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट पाण्याशी मिळून हायड्रोफ्लुओरिक आम्ल तयार होतं, जे कातडीतून हाडापर्यंत पोचतं. उरलेलं दूषित पाणी शेवटी कुठल्या तरी ओढ्याला मिळतं.

एलएफपी पेट घेत नाही, हाही अर्धा समज आहे. एनएमसीपेक्षा तो सहनशील आहे, पण तापून फुटला की हायड्रोजनने भरलेला, भडकणारा वायू सोडतो. साठवण बंद खोलीत नको. हवेशीर शेड, मॉड्यूलमध्ये अंतर, टर्मिनलवर टोप्या आणि ३० टक्क्यांच्या आत चार्ज. पाठवताना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदलेल्या रिसायकलरकडेच पाठवा आणि मॉड्यूलचे क्रमांक लिहिलेली पावती घ्या. उत्पादकाला जबाबदारी पूर्ण केल्याचं प्रमाणपत्र याच साखळीतून मिळतं. मॉड्यूलसोबत टाय-बोल्टांचं माप आणि सोडण्याचा क्रम लिहिलेला कागद जोडा, म्हणजे तिथल्या कामगाराला ग्राइंडर उचलावा लागणार नाही.